दोन चुका दे

शनिवारी हाउगस्टाड सरांच्या सामानाचा लिलाव होता,
सकाळी नऊला, त्यांच्याच कोठारासमोर.
विस्कॉन्सिनचा ऑक्टोबर, मका अजून उभा,
पिकअपची रांग थेट चर्चच्या वळणापर्यंत.
लिलाववाला श्वास न घेता बोलत होता,
पाचपाचपाच, साडेपाच कोण, साडेपाच,
आणि रंधे जात होते, पटाश्या जात होत्या,
मुठीपाशी काळ्या पडलेल्या,
ज्यांना हात लावायची आम्हाला
दुसऱ्या वर्षापर्यंत बंदी होती.

मी आले एक्क्याऐंशी साली, चौदा वर्षांची.
बाबा इथल्या लहानशा इस्पितळात भूल द्यायचे.
शाळेत विचारलं, शिवण घेणार की सुतारकाम?
शिवण मला येत होतं.

वर्गात बाकी सगळी मुलं,
पहाटेच्या धारा काढून आलेली,
बुटांना गोठ्याचा वास.
सरांनी माझ्या वेणीकडे बोट केलं,
डाव्या हाताचं, शेवटचं पेर नसलेलं,
आणि एक रबरबँड पुढे सरकवला.
यंत्रांना केस आवडतात, म्हणाले.
त्या दिवशी एवढंच.

खाडिलकर त्यांच्या जिभेला झेपेना.
नकाशात गाव बघून आले
आणि कायमचं मला मिरज करून टाकलं.

मग बारीक खिळे निवडताना मी म्हटलं,
आमच्याकडे यांना चूक म्हणतात.
आणि चुकीला?
चुकीलाही चूकच.
ते इतके हसले की चष्मा भुशात पडला.
पुढे वर्षभर ती राकट मुलं,
नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची नातवंडं,
करवतीच्या आवाजावर ओरडत राहिली:
मिरज, दोन चुका दे!
इकडे चार चुका!

सर गोड नव्हते.
एकदा मोगरी फेकली होती, भिंतीवर खूण राहिली.
शाबासकी म्हणून नुसतं "हं".
पण गाठ आली की हात धरून थांबवायचे:
इथे झाड फांदीचा विचार करत होतं,
जरा सबुरीनं.
माझं पहिलं स्टूल डुगडुगलं
तेव्हा गुण्या लावून बराच वेळ बघत बसले,
मग म्हणाले, जमिनीत दोष आहे.

नंतर शाळेने तो वर्ग बंद केला.
तिथे आता वजनं उचलतात.

सदतीस नंबर: किरकोळ लाकूड, एक खोकं.
कुणी बोलेना. कुणीतरी म्हणालं, चुलीला घ्या.
मी हात वर केला. तीन डॉलर.

गाडीतच उघडलं.
सगळे आमचे बिघडलेले सांधे,
प्रत्येकावर चपट्या पेन्सिलीने नाव आणि साल.
ग्रेडी बक्केन, फाटलेली खाच.
दोघे स्विगम भाऊ, एकमेकांत न बसणारे.
ट्वाइट, जो पुढे आखातातून परत आला नाही,
त्याचा कोपरा मात्र जवळजवळ काटकोन.
मिरज, ८१. कूस इतकी बारीक झालेली
की खाचेत खुळखुळते.
मी हलवून पाहिली. अजून खुळखुळते.

तळाशी एक नवा, पांढुरका तुकडा.
करवतीची रेघ कोंबडी चालावी तशी,
दोनदा सुरू केलेली, दोनदा सुटलेली.
डी. हाउगस्टाड. मागचा मार्च.

बाहेर लॅव्होन बाई कॉफी वाटत होत्या.
त्यांना दाखवावा का, कळेना.
त्या काचेशी आल्या, खोक्याकडे बघितलं,
म्हणाल्या, ते तुला मिळालं होय,
आणि कप देऊन पुढच्या गाडीकडे गेल्या.

घरी स्टूल आहे अजून.
स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी,
जिथे फरशी थोडी उतरती आहे
तिथे ते अजिबात हलत नाही.